तामचिनीच्या झाकणावरची चार बोटं

१

सोमवारी सकाळी दुर्गाबाईंनी परातीत ज्वारीचं पीठ काढलं, त्यात कढत पाणी ओतलं आणि पहिला उंडा मळायला घेतला, एवढ्यात काकासाहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"दुर्गाबाई, हात काढा पिठातून."

एकोणीस वर्षांत असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. जुन्या जालन्यातली ही खानावळ काकासाहेबांच्या नावावर होती खरी, पण मोंढ्यातली माणसं यायची ती दुर्गाबाईंच्या भाकरीसाठी. नवरा गेला तेव्हा त्या आष्टीहून इथं आल्या आणि चुलीपुढं बसल्या त्या बसल्याच. राहायला मागची खोली, जेवायला इथंच, आणि सणाला एक लुगडं. एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रारही नव्हती.

"का हो मालक?"

"काल दुपारी आपल्याकडं जेवलेले नऊ जण कालपासून उलट्या-जुलाबानं बेजार हायेत. दोघं दवाखान्यात हायेत, सलाईन लावलंय. त्यातला एक आपला सर्जेराव."

सर्जेराव मोंढ्यात धान्य तोलायचा. बायको गेल्यापासून दोन्ही वेळा इथंच जेवायचा, आणि तव्यावरची पहिली भाकरी त्याची, हे ठरलेलं होतं.

"चार वाजता तपासणीचे साहेब येणार हायेत," काकासाहेब भिंतीकडं बघत म्हणाले. "कुणाच्या हातानं झालं म्हणून इचारतील. मला कायतरी सांगावं लागंल. मच्छिंद्र तर मोजे घालून काम करतो. उघड्या हातानं करणाऱ्या तुमीच. सांजच्यापर्यंत खोली रिकामी करा."

मच्छिंद्र हा त्यांचा भाचा. पुण्याच्या एका हॉटेलात दोन वर्षं काम करून तो महिन्यापूर्वी परत आला, ते पातळ रबरी हातमोज्यांचं खोकं काखेत मारूनच. काकासाहेबांनी लगेच दारावर बोर्ड लावला, 'आमच्याकडे हातमोजे घालून स्वयंपाक केला जातो'. दोन हजार चार साल होतं, जालन्यात असा बोर्ड दुसरीकडं कुठं नव्हता, आणि स्वतःच्या लग्नाच्या फोटोचं नसेल एवढं कौतुक काकासाहेबांना त्या बोर्डाचं होतं. दुर्गाबाईंनी मोजे एकदाच घातले. पिठाचा अंदाज लागेना, भाकरी थापताना चिरायला लागली, म्हणून काढून ठेवले ते कायमचे.

"मावशी, मी किती डाव म्हणलं तुमाला मोजे घाला," मच्छिंद्र मागून म्हणाला. त्याच्या आवाजात खोट नव्हती. बिचाऱ्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि त्यामुळंच दुर्गाबाईंना जास्त लागलं.

त्यांनी हात पिठातून काढले आणि त्यांच्याकडं बघत राहिल्या. याच हातांनी माणसं आजारी पडली असतील का? काल हात धुतले होते की नव्हते? काही केल्या आठवेना.

२

अकरा वाजता अकबरबी आपला डबा घ्यायला आल्या आणि दाराला कुलूप बघून मागच्या बाजूनं आत शिरल्या. बदनापूरकडच्या खेड्यांत तीस वर्षं नर्स म्हणून फिरलेली बाई. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी अख्खं जुनं जालना त्यांना सिस्टरच म्हणायचं, आणि त्याही कुठल्याही घरात सरळ चुलीपर्यंत जायच्या.

दुर्गाबाई खोलीत ट्रंक उघडून बसल्या होत्या. भरायला फार नव्हतंच.

"ये काय चाललंय दुर्गा?"

दुर्गाबाईंनी सगळं सांगितलं. रडल्या नाहीत. "सिस्टर, खोलीचं मरू द्या. माझ्या हातानं सर्जेरावला कायी झालं असंल तर मी कुठं तोंड दाखवू?"

"काल दुपारी माझ्या डब्यात कोणाची भाकरी होती?"

"माझीच की."

"मंग माझ्या पोटाला कायी झालं का? बिलकुल न्हाई. ऊठ. चार वाजेपर्यंत टाइम आहे आपल्याला."

स्वयंपाकघरात आल्यावर अकबरबींनी पदर खोचला आणि सगळीकडं एक नजर फिरवली. मोरीजवळच्या फळीवर दोन साबण होते. एक झिजून चपटा झालेला, दुसरा जाडजूड, त्यावरची कंपनीची अक्षरं अजून वाचता येत होती.

"दोन कशाला?"

"ह्यो चपटा माझा," दुर्गाबाई म्हणाल्या. "त्यो मच्छिंद्रचा. आल्या आल्या म्हणला, माझा साबण येगळा पायजे. एकाच दिवशी आणलेत दोन्ही."

अकबरबी नुसतं 'हं' म्हणाल्या. भांडी घासणारी गोजरबाई एका कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, एका बोटाला चिंधी बांधलेली, आणि चेहरा असा की भूत बघितलंय.

"तुला काय झालं गं?"

"सिस्टर, मी सांगणार न्हवते. पण आता सांगते." गोजरबाईनं वरच्या फळीकडं हात केला. "कालची सगळी भांडी घासली, एवढं झाकण तेवढं न्हाई घासलं. माझी हिंमतच न्हाई झाली."

अकबरबींनी झाकण खाली काढलं. कोशिंबिरीच्या पातेल्याचं पांढरंशुभ्र तामचिनीचं झाकण, आणि त्याच्या काठावर चार बोटं उमटलेली. लालभडक.

"करणी हाय," गोजरबाई पुटपुटली. "कुंकवाची बोटं हायेत ती."

३

गोजरबाईचं बोलणं ऐकून काकासाहेब धावत आत आले. करणीवर त्यांचा विश्वास नव्हता, पण नव्हता म्हणजे पुरता नव्हता असंही नाही. त्यांनी झाकण बघितलं, मग गोजरबाईचं कपाळ बघितलं, आणि मग तिचं चिंधी बांधलेलं बोट.

"तुझंच काम हे! मागल्या आठवड्यात मी बोललो म्हणून?"

"मालक, बोट इळीवर कापलंय हो. मी तर काल सैपाकाच्या भांड्याला हातबी लावला न्हाई, नुसती खरकटी घासली."

"थांबा सगळे," अकबरबी म्हणाल्या. "आधी काय खाऊन आजार झाला ते तर बघू. माणूस नंतर."

त्यांनी मोंढ्यातल्या कचरू हमालाला बोलावून घेतलं. कचरू काल दुपारी एकच्या पंगतीला होता. त्या पंगतीतले बाकीचे सगळे आजारी पडले होते आणि हा मात्र सकाळपासून पोती उचलत होता.

"भाकरी किती खाल्ल्या?"

"चार." कचरूनं जरा लाजून सांगितलं. "वरण, वांगं, चटणी, समदं खाल्लं. दोनदा घेतलं."

"काय सोडलं?"

"सोडलं म्हंजे... कोशिंबीर न्हाई घेतली. दह्यानं मला खोकला येतो."

अकबरबींनी काकासाहेबांकडं बघितलं. "आणि साडेबाराच्या आधी जेवून गेलेल्यांपैकी कोण आजारी आहे?"

काकासाहेबांनी डोकं खाजवलं, बोटं मोडून आठवलं. एकही नव्हता. काल काकड्या बाजारातून उशिरा आल्या, कोशिंबीर साडेबाराला झाली. त्याआधीच्यांना ती मिळालीच नव्हती, आणि अकबरबींच्या डब्यातही नव्हती.

"दही खराब असंल मंग," मच्छिंद्र म्हणाला.

"त्याच दह्याचं ताक काल सकाळपासून सगळे पिऊन गेले, बाबा. दही बराबर होतं. भाकरी सुटली, वरण सुटलं, दही सुटलं. राहिली फक्त कोशिंबीर. ती कोणी केली?"

"मी कालवली," मच्छिंद्र लगेच म्हणाला. त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटलं नाही. "पण नवी जोडी घातल्ती मी. मोज्यातला हात, सिस्टर. त्याच्यापेक्षा सोच्छ काय असतं?"

"आणि काकडी?"

काकासाहेबांनी हळूच दुर्गाबाईंकडं बघितलं. कचरूनं मान खाली घातली.

"काकडी मी चिरली," दुर्गाबाई म्हणाल्या. "उघड्या हातानं."

४

काकासाहेबांनी मोठा श्वास सोडला. त्यांच्या दृष्टीनं तपास इथं संपला होता. "बघा सिस्टर. मी काय उगंच म्हणत न्हवतो. झाकणावर बोटंबी ह्यांचीच असतील."

दुर्गाबाई झाकणाकडं बघत होत्या. इतका वेळ त्यांनी ते नीट बघितलंच नव्हतं. आता त्या जवळ गेल्या, उजेडात धरलं, वास घेतला. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी कपाळावरचं पुसलं होतं, पण माहेरी घरात कुंकू बनायचं. आजी हळदीत चुना घालून खल करायची, आणि लहानपणी दुर्गीचं काम एकच, पिवळ्याचं लाल कधी होतं ते बघत बसायचं.

"गोजर, तुझं कुंकू कुठलं गं?"

"दुकानातलं. पुडी आणते."

"जरा लाव इकडं."

गोजरबाईनं घाबरत घाबरत कपाळावरचं थोडं कुंकू झाकणाच्या दुसऱ्या काठाला पुसलं. दुर्गाबाईंनी फडक्याखालचं अर्धं लिंबू घेतलं आणि दोन थेंब त्यावर पिळले. लाल ते लालच राहिलं. मग चार बोटांपैकी एकावर दोन थेंब पिळले. सगळे वाकून बघायला लागले. बघता बघता लाल बोट पिवळं झालं.

"हे कुंकू न्हाई, मालक," दुर्गाबाई म्हणाल्या. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा आवाज ठाम होता. "हळद हाय. हळदीला चुना लागला की ती लाल होती, आणि आंबट लागलं की परत पिवळी. गोजरचा कायी संबंध न्हाई, आणि करणीचाबी न्हाई."

गोजरबाईनं चिंधीच्या बोटानंच डोळे पुसले.

"वा गं दुर्गा," अकबरबी म्हणाल्या. "मी आज तुझी शागीर्द. आता सांगा, काल कोशिंबिरीत हळद होती?"

"कोशिंबिरीत हळद कोण घालतंय?" दुर्गाबाई म्हणाल्या. "काल हळद दोनच ठिकाणी लागली. माझ्या वरणाला सकाळी चिमूटभर, आणि..." त्या थांबल्या.

"आणि?"

"रातच्या कोंबडीला. दर रयवारी कोंबडी असती. बारा वाजता मच्छिंद्रनं तिला हळद-मीठ चोळून ठेवल्तं."

मच्छिंद्रचा चेहरा उतरला. पण तो सावरून म्हणाला, "मी सांगितलं की, कोंबडीनंतर मोजे बदलले म्हणून. आणि हळद तर मावशींच्या हातालाबी होती. चुना मामाच्या पानातबी असतो. मलाच का बघून राह्यले समदे?"

आणि त्याचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. हळद दोघांच्या हाताला होती.

५

"बराबर बोलला," अकबरबी म्हणाल्या. "म्हणून बोटांनाच विचारू."

त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर नीट बसवला. "तीस वर्षं मी कुटुंब नियोजनाच्या शिबिरात बायांचे अंगठे उठवले. हजारो. सही येणारी दहात एक. अंगठा शाईत बुडवायचा आणि कागदावर टेकवायचा. अंगठ्याला रेघा असतात, नांगरलेल्या वावरासारख्या. रेघा न्हाई दिसल्या तर आमचे डॉक्टरसाहेब कागद परत पाठवायचे. दुर्गा, दोन ताटल्या आण, ह्याच झाकणासारख्या."

हळद आणि चुना कालवून त्यांनी लाल लगदा केला. आधी दुर्गाबाईंनी त्यात बोटं टेकवून ताटलीवर उमटवली. भाकऱ्या थापून थापून बोटं घासली होती तरी रेघा स्पष्ट आल्या, आणि मधल्या बोटावर तव्याच्या जुन्या चटक्याची आडवी खूण. मग काकासाहेबांनी नाखुशीनं उमटवली. रेघाच रेघा.

"आता मच्छिंद्र. मोजा घालून."

मच्छिंद्रनं खोक्यातला नवा मोजा चढवला आणि बोटं टेकवली. ताटलीवर चार लाल ठिपके आले. गुळगुळीत, आत एक रेघ नाही, फक्त कडेला रबराची बारीक चुणी.

अकबरबींनी शेजारी झाकण ठेवलं. राहिलेली तीन बोटं गुळगुळीत होती, आणि कडेला चुणी होती.

कचरूनं वाकून दोन्ही पुन्हा पाहिलं.

"पण चुना?" काकासाहेब म्हणाले. "मोज्याला चुना कुठून?"

उत्तर गोजरबाईनं दिलं. आता तिला कुणाची भीती उरली नव्हती. "मालक, हे मच्छिंद्र चुना-तंबाखू मोज्यावरच मळतेत. म्हणतेत, हात खराब होत न्हाई. आणि ते नव्या जोडीचं खोटं हाय. रोज सांजच्याला तेच मोजे मी भांड्यासंगं घासते आणि मागच्या दोरीवर वाळत घालते. मागल्या मंगळवारपासून एकच जोडी हाय. जा, बघा."

कचरू मागं गेला आणि चिमटीत धरून ती जोडी घेऊन आला. कालची, दोरीवरच्या चिमट्यासकट. मूळची पांढरट रबरी कातडी पिवळी पडली होती आणि बोटांची टोकं तांबूस होती.

मच्छिंद्र खाली मान घालून म्हणाला, "मामा म्हणले, फेकायचे कशाला, धुऊन वापर."

आता सगळ्यांनी काकासाहेबांकडं बघितलं, आणि काकासाहेबांनी भिंतीकडं.

६

"एक मिनिट," कचरू म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं. "मोजे तर घातलेच होते ना? मंग हात सोच्छच की."

"हात स्वच्छ राहिला रे," अकबरबी म्हणाल्या. "हाताला कायी झालं न्हाई. कोशिंबीर घाण झाली. कच्च्या कोंबडीच्या पाण्यात काय काय असतं ते शिजल्यावर मरतं. म्हणून रात्री कोंबडी खाल्लेले सगळे ठीक आहेत. पण तेच पाणी मोज्याला लागून कोशिंबिरीत गेलं, आणि कोशिंबीर कोण शिजवतं? वरून मे महिन्याचा उकाडा."

मग त्यांनी मोरीवरचे दोन्ही साबण उचलून काकासाहेबांच्या हातात दिले.

"एका दिवशी आणलेले दोन साबण. एक झिजून पापड झाला, एकाची अक्षरंबी गेली न्हाईत. दुर्गाच्या हाताला कोंबडी लागली, पीठ लागलं, की तिला चिकट लागतं, हात आपोआप नळाकडं जातो. ह्याच्या हाताला कायी लागतच न्हाई, मंग तो धुणार कशाला? दवाखान्यात आम्हीबी मोजे घालायचो. घालायच्या आधी हात धुवायचा, एक पेशंट, एक जोडी, काढली की फेकायची आणि परत हात धुवायचा. मोज्याला दोष न्हाई. मोजा म्हणजे आणखी एक हातच असतो, तो न धुता फिरवला तर तोबी घाणच."

दुर्गाबाईंनी पुन्हा आपले हात बघितले. म्हणूनच आठवत नव्हतं. धुतले की नाही हे आठवायला ते कधीतरी राहून जायला हवं होतं.

तेवढ्यात गल्ल्यावरचा फोन वाजला. काकासाहेब धावले, ऐकलं, आणि फोन ठेवून दोन मिनिटं तसेच उभे राहिले.

"दवाखान्यातून होता," ते म्हणाले. "दुसऱ्याची सलाईन सुटली, आज सोडणार त्याला. आणि सर्जेराव उठून बसलाय. खायला काय पायजे म्हणून इचारलं, तर म्हणला दुर्गाबाईंची भाकरी. डॉक्टर पेजेपलीकडं कायी देईनात म्हणून भांडण चाललंय."

दुर्गाबाईंचा जीव भांड्यात पडला. आता मात्र त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मनसोक्त रडून घेतलं. कुणी अडवलं नाही. गोजरबाई तर सोबतीला रडली.

काकासाहेब जवळ आले. मोठ्या माणसाला माफी मागताना जसं अवघड होतं तसं त्यांना झालं होतं. "दुर्गाबाई, ट्रंक आत ठेवा. मी चुकलो. एकोणीस वर्षं ज्या हातचं खाल्लं, त्याच हाताला मी नावं ठेवली."

"साहेबांना काय सांगणार मालक?"

"जे झालं ते. मोजे धुऊन वापर असं मीच म्हणलो, तेबी सांगतो. दंड भरू." त्यांनी मच्छिंद्रकडं बघितलं. "आणि तो बोर्ड उतरव."

चारला साहेब आले. काकासाहेबांनी खरोखर सगळं सांगितलं, थोडं रडवेलं होऊन, पण सगळं. साहेबांनी ताटल्या, झाकण आणि साबण बघितले, नोटीस दिली, खानावळ धुऊन काढून तीन दिवसांनी उघडायला सांगितली, आणि जाताना अकबरबींना विचारलं की तुम्ही पोलीस खात्यात होता का.

"खात्यात न्हाई," अकबरबी म्हणाल्या. "मी इथं डबा लावलाय."

गुरुवारी खानावळ उघडली. नवीन बोर्ड लावला नव्हता. मच्छिंद्र दारात उभा होता, मावशींसमोर जायला कचरत. दुर्गाबाईंनी त्याला मोरीपाशी नेलं आणि हात कसे धुवायचे ते दाखवलं, बोटांच्या मधून, नखांच्या आतून, अगदी लेकराला दाखवतात तसं. तोही मुकाट्यानं शिकला. कोंबडीला हात लावला की धुवायचा. तंबाखू मळली की धुवायचा. तंबाखू सोडलीस तर साबण वाचेल, हे गोजरबाईनं न विचारता सांगितलं.

पुढच्या आठवड्यात सर्जेराव आला. जरा वाळला होता, पण पाटावर बसताच त्यानं ताट पुढं ओढलं. दुर्गाबाईंनी तव्यावरची पहिली भाकरी त्याच्या ताटात टाकली आणि हात धुवायला मोरीकडं वळल्या. फळीवर दोन साबण होते. मच्छिंद्रच्या साबणावरची अक्षरं पार गेली होती, आणि दोन्ही आता सारखेच चपटे झाले होते.

"मालक," त्यांनी आतून हाक दिली, "साबण संपत आलेत. दोन आणा."